हवा कुठून शिरत होती? पी०१७१ कोडचा एक तपास

गाडी पेट्रोलची, चार सिलिंडर, १.२ लिटर, टर्बो नाही. तक्रार एकच: चेक इंजिनचा दिवा विझवला की काही दिवसांनी परत लागतो. आमच्याकडे येण्याआधी गाडी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये जाऊन आली होती. तिथे स्कॅनर लावला, पी०१७१ कोड निघाला. मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असा त्याचा अर्थ. ही कमी-जास्त ऑक्सिजन सेन्सर सांगतो, म्हणून तो सेन्सरच बदलला, कोड पुसला, दिवा विझला. काही दिवसांनी परत लागला. मग हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर साफ करून झाला. पुन्हा तेच. त्यानंतर पेट्रोल पंप बदलून बघू असा सल्ला मिळाला, तेव्हा मालकीणबाई गाडी घेऊन निघाल्या त्या थेट इकडे आल्या.

"दादा, आता यात अजून काय काय बदलावं लागणार?"

"ताई, आत्ता काहीच बदलायचं नाही. आधी मोजू, मग बोलू."

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण या बिघाडाचा माग काढायला लागणारी जवळजवळ सगळी माहिती पहिल्याच दिवशी गाडीच्या मेमरीत होती. कोडचा आकडा तेवढा वाचला गेला आणि बाकीचं न बघताच पुसलं गेलं. हे फार गाड्यांच्या बाबतीत होतं, आणि त्यात गाडीवाल्याचे पैसे हकनाक जातात.

कोडमध्ये काय लिहिलंय आणि काय नाही

पी०१७१ मधला पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग. पुढचं शून्य सांगतं की हा कोड कुठल्या एका कंपनीचा नाही, सगळीकडे त्याचा अर्थ तोच. त्यानंतरचा १ हवा आणि पेट्रोलच्या मोजमापाचा. 'ऑक्सिजन सेन्सर खराब आहे' असं यात कुठेही म्हटलेलं नाही. त्या सेन्सरच्या बिघाडाचे कोड वेगळे आहेत, ते पी०१३० पासून पुढे सुरू होतात. इथे सेन्सर आपलं काम चोख करत होता, मिश्रण बिघडलंय हे इमानदारीने सांगत होता, आणि तोच बदलला गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मिश्रणाचा हिशोब कसा चालतो ते समजल्याशिवाय पुढचे आकडे कळणार नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एअर फिल्टरनंतर बसवलेला एअरफ्लो सेन्सर आत जाणारी हवा मोजतो, त्या मापावरून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे एक्झॉस्टमधला सेन्सर सांगतो. नेहमीच्या झिर्कोनिया सेन्सरचा व्होल्टेज मिश्रण पातळ झालं (पेट्रोल कमी) की ०.१ च्या आसपास येतो, घट्ट झालं (पेट्रोल जास्त) की ०.९ कडे जातो, आणि नीट चाललेल्या इंजिनात तो ०.४५ च्या खालीवर सारखा झुलत असतो. हा झोका बघून ईसीयू पेट्रोलात जी कमी-जास्त दुरुस्ती करतो तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे त्या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म ट्रिम म्हणजे बरेच दिवस बघून लागलेली सवय. अधिक म्हणजे जास्तीचं पेट्रोल, उणे म्हणजे कपात.

निरोगी इंजिनात दोन्ही मिळून ५ टक्क्यांच्या आत राहतात. १० पर्यंत गेले तरी मी लगेच चिंता करत नाही, पण लक्षात ठेवतो. लाँग टर्म ट्रिम अधिक २५ च्या घरात गेला (नेमकी हद्द प्रत्येक कंपनीची वेगळी असते) की ईसीयू हात टेकतो आणि पी०१७१ नोंदवतो. म्हणजे या कोडचा पूर्ण अर्थ असा: "मी एवढं जास्तीचं पेट्रोल देतोय, तरी सेन्सर पातळच सांगतोय."

आणि दिवा पहिल्याच वेळी लागत नाही. बहुतेक बिघाडांच्या बाबतीत लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला तर दिवा लागतो. कोड पुसला की लाँग टर्म ट्रिमही बहुतेक गाड्यांत शून्यावर येतो. मग ईसीयू नव्याने शिकायला लागतो, हळूहळू परत पंचविशीकडे सरकतो, दोन फेऱ्यांची अट पुरी होते आणि मग दिवा. मधल्या दिवसांत गाडीवाल्याला वाटतं दुरुस्ती झाली. गॅरेजवाल्यालाही तसंच वाटतं, हे त्याहून वाईट.

मेमरीत काय सापडलं

सुदैवाने शेवटचा दिवा लागल्यावर कोड कुणी पुसला नव्हता. कोड नोंदवताना ईसीयू त्या क्षणाच्या इंजिनाच्या स्थितीचाही फोटो काढून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. ओबीडी-२ या मानकात ते बंधनकारक आहे (अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना हे मानक लागू झालं), त्यामुळे स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लावायचा साधासुधा स्कॅनरसुद्धा ही माहिती दाखवतो. या गाडीची फ्रेम अशी होती: इंजिनाचं तापमान ८८ अंश, ७८० आरपीएम, वेग शून्य, लाँग टर्म ट्रिम अधिक २१.१, शॉर्ट टर्म अधिक ६.३.

इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. गाडी गरम झालेली आहे आणि उभी आहे, इंजिन आयडलिंगला आहे. म्हणजे सिग्नलला किंवा दारात उभी असताना कोड पडलाय, चढावर किंवा ओव्हरटेक करताना नाही. पेट्रोल पंप दमला असता तर तो मागणी जास्त असताना उघडा पडला असता. आयडलिंगला इंजिन घोटभर पेट्रोल मागतं, तेवढं दमलेला पंपही देतो. पंपावरचा संशय माझ्या मनातून इथेच निम्मा उतरला.

मालकीणबाईंना विचारलं तेव्हा आणखी दोन गोष्टी कळल्या. सकाळी चालू केल्यावर गाडी थोडा वेळ थरथरते, गरम झाली की बरी चालते. हायवेवर पिकअपची काही तक्रार नाही. गिऱ्हाईकाचं बोलणं मी नेहमी स्कॅनरच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवतो. थंड इंजिनाला मुळातच जास्त पेट्रोल लागतं, आणि ऑक्सिजन सेन्सर तापेपर्यंत ईसीयूला त्याचा सल्ला मिळत नाही. कुठून फुकटची हवा शिरत असेल तर ती सकाळी अशीच जाणवणार.

मग गाडी चालू करून आकडे बघितले. आयडलिंगला एअरफ्लो सेन्सर १.९ ग्रॅम प्रति सेकंद हवा दाखवत होता, आणि दोन्ही ट्रिमची बेरीज सत्तावीसच्या आसपास, फ्रेममधल्यासारखीच. गाडी उभीच ठेवून इंजिन २५०० आरपीएमवर धरलं. हवा ७ ग्रॅमवर गेली आणि ट्रिमची बेरीज उतरून ७ वर आली.

या दोन ओळींत अख्खं निदान आहे, फक्त गुणाकार करून बघायला हवा. जेवढे टक्के पेट्रोल वाढवावं लागतंय, साधारण तेवढे टक्के हवा न मोजता शिरतेय. १.९ ग्रॅमचे २७ टक्के म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ७ ग्रॅमचे ७ टक्के म्हणजे पुन्हा साधारण अर्धा ग्रॅम. दर सेकंदाला अर्धा ग्रॅम हवा एअरफ्लो सेन्सरला चुकवून आत येत होती, आयडलिंगलाही तेवढीच आणि रेस केल्यावरही तेवढीच. हा योगायोग नाही. इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळांमधला) दाब बाहेरच्या दाबाच्या जवळपास निम्म्याखाली गेला की एखाद्या भोकातून शिरणाऱ्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला टेकतो, आणि आत कितीही जास्त ओढ असली तरी त्यापेक्षा जास्त हवा शिरत नाही. आयडलिंगला आणि बिनलोड २५०० ला, दोन्ही वेळा दाब त्या रेषेच्या बराच खाली असतो. त्यामुळे गळती तेवढीच राहते, मोजलेली हवा मात्र साडेतीन पट वाढते, आणि टक्केवारी कोसळते.

एअरफ्लो सेन्सर घाण होऊन कमी मोजत असता तर ट्रिम असा कोसळला नसता. तो रेस केल्यावरही चढा राहिला असता, बहुतेकदा लोड वाढेल तसा आणखी चढला असता. पंप किंवा फिल्टरचा दोष असता तरी चित्र तेच: जोर लावला की ट्रिम वर. आणि एक्झॉस्टमध्ये सेन्सरच्या आधी चीर असती तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सरला खोटं पातळ मिश्रण दिसलं असतं. ही शेवटची शक्यता आकड्यांवरून सहज वगळता येत नाही, म्हणून थंड इंजिन चालू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे जोड कान देऊन तपासले. फुसफुस नव्हती, गॅस्केटजवळ काजळी नव्हती.

नवा ऑक्सिजन सेन्सर खरा बोलतोय का, हेही बघणं भाग होतं. इनटेकमध्ये थोडा प्रोपेन, म्हणजे जळणारा गॅस, सोडून मिश्रण मुद्दाम घट्ट केलं. व्होल्टेज लगेच ०.८ च्या वर गेला आणि शॉर्ट टर्म ट्रिम खाली आला. प्रोपेन बंद करताच परत मूळपदावर. सेन्सर ठीक.

राहिली हवेची गळती. पण कुठे?

पक्कड लावून नळ्या दाबणं आणि त्याची मर्यादा

इनटेक मॅनिफोल्डला येऊन मिळणाऱ्या रबरी नळ्या एकेक करून अलगद दाबायच्या आणि ट्रिमकडे बघायचं, ही सोपी पद्धत. ज्या नळीतून चोरटी हवा येत असेल ती दाबली की ट्रिम झपकन उतरतो. ब्रेक बूस्टरची नळी दाबली, फरक नाही. टाकीतली वाफ ओढणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हची नळी दाबली, फरक नाही. इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये आणणारी पीसीव्ही नळी मधोमध दाबली. आरपीएम किंचित हललं, ट्रिम जागचा हलला नाही.

इथे घाई केली तर माणूस तिन्ही नळ्यांवर फुली मारून मॅनिफोल्ड गॅस्केटच्या मागे लागतो, आणि ते काम मोठं आहे. पण नळी दाबून जे कळतं ते फक्त दाबलेल्या जागेच्या पलीकडचं. चीर पकडीच्या आणि मॅनिफोल्डच्या मध्ये असेल तर पलीकडचा भाग कितीही आवळा, हवा चिरेतून शिरतच राहते. पीसीव्ही नळीचं मॅनिफोल्डकडचं टोक या गाडीत इंजिनामागे, फायरवॉलच्या बाजूला आहे आणि तिथे पक्कड पोचत नाही. त्यामुळे ही नळी मी निर्दोष धरली नाही.

काही जण अशा वेळी कार्ब क्लीनरचा स्प्रे मारत जातात. आरपीएम बदललं की गळती सापडली. पद्धत चालते, पण गरम एक्झॉस्ट आणि इग्निशनशेजारी पेटणारा द्रव उडवणं मला पटत नाही. शिवाय तो पसरतो आणि जागा नेमकी कळत नाही. धुराची चाचणी बरी. इंजिन बंद केलं, एअर फिल्टरकडचं तोंड बंद केलं आणि ब्रेक बूस्टरची नळी काढून त्या जागेतून धूर सोडला. दाब अगदी कमी ठेवायचा, एक पीएसआयच्या आत, नाहीतर धडधाकट सीलही धूर सोडायला लागतात.

सुरुवातीला काहीच दिसलं नाही. आतली जागा धुराने भरायला वेळ लागतो. मग इंजिनामागून, खालून, एक बारीक पांढरी रेघ वर येताना दिसली. बॅटरी आणि हातआरसा घेऊन बघितलं. पीसीव्ही नळी मॅनिफोल्डच्या तोटीवर चढते तिथे तिला काटकोनाचा वळसा आहे, आणि त्या वळशाच्या खालच्या अंगाला नखाएवढी चीर होती. वरून नळी अगदी शाबूत दिसत होती. बोट लावल्यावर रबर मऊ, फुगलेलं, चिकट लागलं. वर्षानुवर्षं तेलाची वाफ पिऊन रबराचं असं होतं. नळी किंचित वाकवली की चीर तोंड उघडत होती.

आयडलिंगला आरपीएम का चढलं नाही, असं कुणी विचारेल. या गाडीचं थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे. जास्तीची हवा शिरली की ईसीयू थ्रॉटल तेवढं मिटून घेतो आणि आरपीएम जागेवर ठेवतो. म्हणून कानाला बिघाड जवळजवळ कळत नव्हता, आकड्यांत मात्र लख्ख होता.

एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. अनेक लहान गाड्यांत एअरफ्लो सेन्सर नसतोच. तिथे मॅनिफोल्डमधला दाब मोजून, म्हणजे मॅप सेन्सरवर, हवेचा हिशोब होतो. अशा गाडीत चिरेतून शिरलेली हवाही दाब वाढवते आणि हिशोबात धरली जाते. तिथे गळती असली तर बऱ्याचदा पातळ मिश्रणाचा कोड पडत नाही, उलट आयडलिंग चढतं किंवा डोलतं. म्हणून वरचा गुणाकार करण्याआधी गाडीत एअरफ्लो सेन्सर आहे का ते बघून घ्या.

दुरुस्ती आणि खातरजमा

नळी नवी घातली, क्लिपही नवी. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून बघितला, आतली गोळी खुळखुळत होती, म्हणजे अडकलेला नव्हता. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढून बघितलं. वाफेचा जोर नेहमीएवढाच, पिस्टन रिंग झिजल्याची खूण नाही. नळी वयाने गेली होती, इंजिनातल्या दुसऱ्या रोगाने नाही. हे तपासलं नाही तर नवी नळीही लवकर मऊ पडू शकते.

मग पुन्हा धूर सोडला. ही दुसरी चाचणी बरेच जण टाळतात, पण एका गाडीत दोन गळत्या असू शकतात आणि मोठी बुजली की लहान दिसायला लागते. इथे दुसरी नव्हती.

आता कोड पुसला, आधीचे सगळे आकडे कागदावर उतरवून मग. गाडी रस्त्यावर काढली: थोडं थांबत, थोडं एका वेगात, थोडं जोर लावून. परत आल्यावर गरम आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम अधिक २.३, शॉर्ट टर्म शून्याच्या आजूबाजूला. २५०० ला लाँग टर्म अधिक १.६. आयडलिंगचा आणि रेसचा आकडा आता जवळजवळ सारखा, मला हवा होता तो पुरावा हाच. दिवा विझलेला आहे याला त्या क्षणी काहीच किंमत नव्हती, तो मीच बटण दाबून विझवला होता.

गाडी परत देताना त्यांना सांगितलं की कोड पुसल्यामुळे ईसीयूच्या स्वतःच्या काही तपासण्या, जसं धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, अजून पुऱ्या व्हायच्या आहेत. नेहमीसारखी गाडी चालवा, मग परत दाखवायला या. आणि दिवा कधी स्थिर न राहता लुकलुकायला लागला तर वाट बघू नका. लुकलुकणारा दिवा म्हणजे इंजिन मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय, त्यात कन्व्हर्टर कायमचा जातो. एक्सलरेटर सोडायचा, गाडी बाजूला घ्यायची, बंद करायची.

"म्हणजे तो सेन्सर उगाच बदलला?"

"हो ताई. जुना ठीक होता, असंच आकडे सांगतात."

त्या परत आल्या तेव्हा दिवा बंदच होता. सगळ्या तपासण्या पुऱ्या झाल्या होत्या, मनात धरून ठेवलेला म्हणजे पेंडिंग कोडही नव्हता, आणि लाँग टर्म ट्रिम आयडलिंगला अधिक ३.१. सकाळची थरथर गेली होती. पेट्रोल पंप जुनाच आहे. ब्रेक बूस्टरची नळी त्याच वयाची आणि त्याच गरमीत राहिलेली, म्हणून पुढच्या ऑइल बदलीच्या वेळी ती खालच्या अंगानेही तपासायची, अशी नोंद गाडीच्या सर्व्हिस बुकात करून दिली.